शस्त्रे खाली ठेवली, पुढे काय?

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोली येथे मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी आपल्या ६० सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. दोनच दिवसांनी बस्तरमध्ये जगदलपूर येथे दोनशेहून अधिक जणांनी तेच केले. त्यांच्या हाती राज्यघटनेची प्रत आणि गुलाबाचे फूल देण्यात आले. त्याच वर्षीच्या १ जानेवारीला तारक्का गडचिरोलीतच शरण आल्या होत्या. १९८० च्या सुमारास पीपल्स वॉर ग्रुपच्या पहिल्या तुकड्या नदी ओलांडून सिरोंचा-अहेरीच्या जंगलात आल्या, तेव्हापासून चालू असलेल्या एका रक्तरंजित पर्वाचा हा शेवट आहे, असे सांगितले जात आहे. ते खरेही असेल. परंतु बंदुकांचे पर्व संपणे आणि बंदूक धरलेल्या माणसाचे पुनर्वसन होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीचे श्रेय घेण्यासाठी व्यासपीठावर गर्दी आहे. दुसरीचा विचार मात्र एका सरकारी योजनेच्या तपशिलापलीकडे जात नाही.

डाव्या व समाजवादी वर्तुळांतही या प्रसंगी एक अवघडलेपण दिसले. काहींनी हा सरकारी देखावा म्हणून बाजूला सारला, तर काहींनी आपल्याला काय त्याचे, असे म्हणून मौन पत्करले. लोकशाही समाजवाद्यांनी हिंसेचा मार्ग प्रथमपासून नाकारला आहे. म्हणूनच त्या मार्गावरून परतणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न त्यांनी सर्वांत आधी विचारायला हवा होता.

हे परतणारे आहेत तरी कोण? पॉलिट ब्युरोचे सदस्य, सिद्धांताचे अभ्यासक, आंध्र-तेलंगणातून चाळीस वर्षांपूर्वी आलेले नेते ही हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी माणसे. बाकीचा समुदाय माडिया, गोंड, मुरिया तरुण-तरुणींचा आहे. त्यांतील स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांनी मार्क्स वाचून बंदूक उचललेली नाही. कोणी वनरक्षकाच्या लाथा खाल्ल्या म्हणून गेला, कोणी थोरली बहीण आधीच दलममध्ये होती म्हणून. एखाद्याच्या गावाला दर घरामागे एक मूल देण्याचा हुकूम झाला होता, तर एखादी मुलगी मनाविरुद्ध ठरलेले लग्न टाळण्यासाठी निघून गेली. वय चौदा-पंधरा. पंचवीस-तीस वर्षांनी ती परत येते तेव्हा तिच्यापाशी शिधापत्रिका नसते, जन्माचा दाखला नसतो. क्वचित आईवडीलही उरलेले नसतात.

या माणसांसमोर राज्यसंस्था एक दरपत्रक ठेवते. केंद्राच्या योजनेनुसार वरच्या पदावरील व्यक्तीला ५ लाख रुपये, मधल्या व खालच्या पदावरील व्यक्तीला अडीच लाख, तीन वर्षे दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन आणि आणलेल्या हत्याराप्रमाणे वेगळी रक्कम. महाराष्ट्राने २००५ साली आपली स्वतंत्र योजना सुरू केली आणि तिच्याखाली आजवर सहाशेहून अधिक जण शरण आले. माणसे जिवंत परत आली, ही या योजनेची जमेची बाजू आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. २२ एप्रिल २०१८ रोजी कसनासूरला व १३ नोव्हेंबर २०२१ रोजी मर्दिनटोल्याला जे झाले, त्यापेक्षा हे शतपटीने बरे. तथापि अर्थशास्त्राच्या साध्या नियमाने या दरपत्रकाकडे पाहिले तर त्यातील विसंगती लपत नाही. मोबदला ठरतो तो पदावरून व शस्त्रावरून. म्हणजे ज्याच्या आज्ञेने अधिक रक्त सांडले त्याला अधिक, आणि जी मुलगी दहा वर्षे तांदळाचे ओझे वाहत राहिली तिला कमी. हा युद्ध आवरण्यासाठी मोजलेला भाव आहे. युद्ध आवरण्यापुरता तो समर्थनीय असेलही. परंतु भाव देऊन झालेल्या व्यवहाराला पुनर्वसन म्हणू नये. भाव दिला की देणाऱ्याचे कर्तव्य संपते, पुनर्वसनात ते तेथून सुरू होते.

दरपत्रकाच्या जोडीला आता ‘समुपदेशन’ हा शब्द आला आहे. त्याची पाळेमुळे परदेशात आहेत. जर्मनीत २००० साली नवनाझी टोळ्यांतून बाहेर पडू इच्छिणाऱ्यांसाठी ‘एक्झिट’ नावाचा उपक्रम सुरू झाला. ज्या समाजात शाळा, दवाखाना, रोजगार व न्यायालय माणसाच्या आवाक्यात आहेत, तेथे द्वेषाच्या टोळीत शिरलेल्या तरुणाला एकेकट्याने बाहेर काढणे, त्याच्याशी दीर्घ काळ बोलणे, त्याला नवे मित्र व नवे शहर मिळवून देणे हा उपाय योग्य ठरू शकतो. तेथे टोळी ही समाजापासून तुटलेली असते. एटापल्ली आणि भामरागडमध्ये परिस्थिती नेमकी उलट होती. तेथे दलम गावाच्या कुशीत वाढले आणि तुटलेली होती ती राज्यसंस्था. तेंदूपत्त्याच्या शेकडा पुड्यांचा दर आणि बांबूतोडीची मजुरी वाढवून घेण्यासाठी ऐंशीच्या दशकात जे आंदोलन झाले त्याचे नेतृत्व बंदूकधाऱ्यांच्या हाती गेले, याचे कारण कामगार कायदा व किमान वेतन घेऊन तेथे दुसरे कोणी पोचले नव्हते. कबूल केले पाहिजे की समाजवादी कार्यकर्तेही फारसे पोचले नव्हते. अशा ठिकाणच्या माणसाच्या विचारांत बिघाड झाला होता व तो आता दुरुस्त करावयाचा आहे, अशी भूमिका घेऊन समुपदेशक समोर बसला तर तो अर्धेच सत्य बोलत असतो. मारण्याचा मार्ग चुकीचा होता, हे त्याने सांगितलेच पाहिजे. पण वनरक्षकाची लाथ हीदेखील चूक होती, हे त्याला सांगता येते काय?

आणि हा समुपदेशक कोणाच्या छताखाली बसतो, हेही पाहिले पाहिजे. शरणागतीनंतरचे जवळजवळ सर्व काम, म्हणजे निवास, कागदपत्रे, बँकेचे खाते, प्रशिक्षण, विवाह, आजारपण, पोलीस दलाकडे आहे. गडचिरोलीच्या पोलिसांनी त्यात पुष्कळ केले, हे निःसंकोच मान्य करावे. आदिवासी विकास, समाजकल्याण वा आरोग्य विभाग यांपैकी कोणी हे काम अंगावर घेण्यास धावले नाही, म्हणून ते पोलिसांकडे राहिले. परंतु ज्या हाताने जबाब नोंदवावयाचा त्याच हाताने पाठीवरून फिरावयाचे, हे फार काळ निभत नाही. शरण आलेल्याला ठाऊक असते की त्याने मन मोकळे केले तर त्याचा उपयोग उद्या जंगलातील कारवाईसाठी होईल. अशा स्थितीत जे घडते ते संभाषण नव्हे.

छत्तीसगडमध्ये ही गोष्ट आणखी पुढे गेली. सलवा जुडूमच्या काळात आदिवासी तरुणांना, त्यांत काही शरण आलेल्यांना, विशेष पोलीस अधिकारी म्हणून बंदुका देण्यात आल्या. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत घटनाबाह्य ठरविली. त्यानंतर नाव बदलले, जिल्हा राखीव दल आले आणि पूर्वीचे अनेक माओवादी त्यात दाखल झाले. काल या बाजूने गोळी झाडणारा आज त्या बाजूने झाडतो, आणि समोर कदाचित त्याच्या आत्याचा मुलगा असतो. यात पगार आहे, गणवेश आहे, सुरक्षितताही असेल. बंदूक मात्र हातातून गेलेलीच नाही.

समुपदेशनाच्या पलीकडची, अगदी शरीराशी निगडित अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. दलममध्ये विवाहाची परवानगी देण्यापूर्वी पुरुषाची नसबंदी करण्याची प्रथा होती. मूल म्हणजे चळवळीच्या पायातील बेडी, असा त्यामागील हिशेब. शरण आलेल्या काही जणांची नसबंदी गडचिरोलीत शस्त्रक्रियेने उलटविण्यात आली आणि त्यांच्या घरी पाळणा हलला. ज्या संघटनेने समतेच्या नावाने माणसाच्या संसारावर एवढा अधिकार गाजविला तिचा हा अपराध केवळ राजकीय चुकीच्या सदरात टाकता येणार नाही. अनेक प्रवचनांनी जे साधणार नाही ते एका कुशल शल्यचिकित्सकाने साधले. परंतु ज्यांचे वय निघून गेले त्या स्त्रियांचे काय? चाळिशी उलटलेली, गाव सोडून पाव शतक झालेली, मूलबाळ नसलेली स्त्री माडिया समाजात कोणाच्या आधाराने राहणार? योजनेचा कोणताही हप्ता या प्रश्नाला पुरा पडत नाही.

आता रोजगाराकडे वळू. फिनेल तयार करण्यापासून शिवणकाम व वाहन चालविण्यापर्यंतची प्रशिक्षणे झाली. ती उपयुक्त आहेत. अलीकडे शरण आलेल्या अनेकांना कोनसरी येथील लोह प्रकल्पात नोकऱ्या मिळाल्या. महिन्याच्या महिन्याला हाती येणारा पगार आदिवासी घरात काय बदल घडवितो हे ज्याला माहीत आहे तो या नोकऱ्यांना नावे ठेवणार नाही. तरीही एक प्रश्न उरतोच. या प्रकल्पाला लागणारे खनिज सुरजागडच्या डोंगरातून येते. तो डोंगर ठाकूरदेवाचे स्थान आहे, दरवर्षी जानेवारीत तेथे यात्रा भरते आणि भोवतालच्या ग्रामसभांनी खाणीला विरोध नोंदविलेला आहे. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तेथे पाऊणशेहून अधिक वाहने जाळली. त्या जाळपोळीने खाण थांबली नाही, उलट ग्रामसभांच्या सनदशीर विरोधावर नक्षली असल्याचा शिक्का बसणे सोपे झाले. आज त्याच खनिजावर चालणाऱ्या कारखान्यात शरणागताला काम मिळते तेव्हा त्याला भाकरी मिळते, पण ज्या प्रश्नासाठी त्याच्या गावाने कागदोपत्री, शांततेने झगडा दिला त्या प्रश्नावर त्याचे तोंडही बंद होते. पुनर्वसित मनुष्य म्हणजे गप्प बसलेला मनुष्य, अशी व्याख्या कोणाला सोयीची असेल हे सांगण्याची गरज नाही.

या संदर्भात जयप्रकाश नारायण यांचे दोन प्रयोग आठवतात. जून १९७० मध्ये बिहारच्या मुझफ्फरपूर जिल्ह्यातील मुसहरी भागात दोन सर्वोदय कार्यकर्त्यांना नक्षलवाद्यांच्या ठार मारण्याच्या धमक्या आल्या. जयप्रकाश तेथे गेले आणि महिनोन्महिने गावोगाव राहिले. जाताना त्यांच्या मनात हिंसेला उत्तर देण्याचा विचार होता. तेथे त्यांना जे दिसले ते असे की, कमाल जमीनधारणेचा कायदा कागदावर आहे, राहत्या घराच्या जागेचा हक्क कागदावर आहे आणि किमान वेतन तर कागदावरसुद्धा धडपणे नाही. नक्षलवाद्यांशी बोलण्यापूर्वी त्यांनी जमिनीच्या नोंदी तपासावयास घेतल्या. ‘समुपदेशन’ हा शब्द तेव्हा कोणी वापरला नव्हता; पण मुसहरीत ज्याचे मन वळवावयाचे होते तो हातात बॉम्ब घेतलेला तरुण नव्हता, त्याला मजुरी न देणारा जमीनमालक आणि डोळे मिटून बसलेला सरकारी नोकर हे होते. ते किती वळले हा भाग वेगळा. जयप्रकाशांना तेथे मिळालेले यश मर्यादितच होते.

दुसरा प्रयोग चंबळच्या खोऱ्यातला. तेथील बागी हे राजकीय अतिरेकी नव्हते, त्यामुळे तुलना जपून केली पाहिजे. १९६० साली विनोबांपुढे वीस बागी शरण आले होते. १९७१ मध्ये माधोसिंग नाव बदलून पाटण्याला जयप्रकाशांच्या दारात उभा राहिला आणि एप्रिल १९७२ मध्ये मुरैना जिल्ह्यातील जौरा येथे मोहरसिंग, माधोसिंग व त्यांच्या साथीदारांनी गांधीजींच्या तसबिरीसमोर बंदुका ठेवल्या. त्या हालचालीत शरण आलेल्यांची एकूण संख्या चारशेच्या पुढे गेली. या घटनेतील दोन बाबी आजच्या योजनाकारांनी पाहण्यासारख्या आहेत. शरणागती पोलीस अधिकाऱ्याच्या हाती झाली नाही. सरकार व बागी या दोघांचाही विश्वास ज्याच्यावर होता अशा तिसऱ्या, निःशस्त्र माणसापुढे ती झाली. दुसरे असे की, गुन्हे माफ झाले नाहीत. फाशी होऊ नये एवढी खटपट जयप्रकाशांनी केली. खटले चालले, शिक्षा झाल्या आणि त्यातील अनेकांनी मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात शेती करीत त्या भोगल्या. शिक्षा भोगून बाहेर आलेला माणूस गावात मान वर करून वावरू शकतो. मोहरसिंग पुढे मेहगावच्या नगरपालिकेचा अध्यक्ष झाला. माधोसिंग तर जादूचे प्रयोग करीत हिंडला. जमिनीचे तंटे आणि जातीचा अहंकार मात्र खोऱ्यात तसाच राहिला. फेब्रुवारी १९८३ मध्ये फूलनदेवी भिंडला शरण आल्या आणि खटला न चालताच अकरा वर्षे तुरुंगात राहिल्या, हेही विसरता येत नाही.

गडचिरोलीत आज या दोन्ही बाबी नाहीत. मध्ये उभा राहणारा निःशस्त्र तिसरा माणूस नाही. न्यायाची बाजू तर त्याहून अंधारात आहे. योजनेप्रमाणे गंभीर गुन्ह्यांचे खटले चालू राहावयाचे आहेत, म्हणजे शरण आलेला माणूस अनेक वर्षे तारखांच्या टांगत्या तलवारीखाली जगणार. दुसरीकडे, ज्याने कधीच बंदूक धरली नाही त्याची अवस्था काय? २४ एप्रिल २०१७ रोजी सुकमा जिल्ह्यातील बुरकापाल येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे २५ जवान मारले गेले. त्या प्रकरणी आसपासच्या गावांतील आदिवासींना धरण्यात आले. जुलै २०२२ मध्ये त्यांपैकी १२१ जण निर्दोष सुटले. पाच वर्षे तुरुंगात गेली. त्यांच्यासाठी ना विद्यावेतन होते, ना मुदतठेव, ना गुलाबाचे फूल. दलमने रात्री दार ठोठावले म्हणून भात रांधून देणारा शेतकरी तुरुंगात आणि दलमचा सेनानी व्यासपीठावर, हे चित्र गावाला दिसते. गावाची न्यायबुद्धी सरकारी पत्रकांवर पोसलेली नसते.

याच गावात ती विधवाही आहे, जिच्या नवऱ्याला ‘खबऱ्या’ ठरवून, जनअदालत भरवून, तिच्या डोळ्यांदेखत मारण्यात आले. गडचिरोलीत असे शेकडो आदिवासी मारले गेले. ज्यांच्या नावाने क्रांती चालली होती, तिचे बळी बहुसंख्येने त्यांच्यातलेच होते. समाजवाद्यांनी हे वाक्य पुटपुटत नव्हे, स्वच्छ उच्चारले पाहिजे. जिल्हा मुख्यालयात झालेल्या शरणागतीच्या समारंभाला त्या विधवेला कोणी बोलावले नाही. तिला भरपाई मिळाली असेल, पण तिच्या नवऱ्याने खबर दिली नव्हती हे चारचौघांत सांगण्याचे ओझे मारणाऱ्यांपैकी कोणी उचललेले नाही. आणि ते सांगण्याची जागा समुपदेशकाची खोली ही नव्हे. माडिया-गोंड समाजात पंच बसवून, दंड ठरवून, सर्वांच्या पंगतीत जेवू घालून चुकलेल्याला परत घेण्याची रीत आहे. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. अशा पंचांनी स्त्रियांवर अन्यायही केले आहेत, आणि खुनाचा निवाडा न्यायालयातच झाला पाहिजे. पण न्यायालयाने शिक्षा दिली वा सोडले तरी गाव परत घेतेच असे नाही. ते काम गावाचेच आहे.

म्हणून पुनर्वसनाचे केंद्र पोलीस मुख्यालयातून ग्रामसभेकडे हलविले पाहिजे. हा भाबडेपणा नव्हे, कारण गडचिरोलीतील ग्रामसभा ही आता केवळ कल्पना राहिलेली नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये आपल्या बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक त्या गावाच्या हाती आले. ज्यांनी त्या गावासोबत आयुष्य काढले ते मोहन हिराबाई हिरालाल हे जयप्रकाशांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून आलेले. जानेवारी २०२५ मध्ये ते गेले. वनहक्क व पेसा कायद्यांच्या बळावर शेकडो ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. कोरचीसारख्या तालुक्यात त्यांची महाग्रामसभा आहे आणि तिच्यात स्त्रिया पुढे आहेत. दलमने बंदुकीच्या धाकाने मजुरीचा दर वाढवून घेतला होता. ग्रामसभेने ठेकेदारालाच बाजूला केले. या तुलनेची नोंद शरण आलेल्या तरुणाने घ्यावी असे वाटत असेल, तर त्याला ग्रामसभेतच बसविले पाहिजे.

अडचणी आहेत. जुन्या साथीदारांकडून असलेली जिवाची भीती २०२५ पूर्वी खरी होती आणि म्हणूनच शरणागतांना गावाबाहेर, मुख्यालयाजवळ ठेवणे भाग होते. ती भीती जसजशी ओसरेल तसतशी ही सबबही ओसरली पाहिजे. काही गावे त्यांना घेणार नाहीत, आणि तो त्यांचा अधिकार आहे. गावबंदीचा ठराव करून माओवाद्यांना प्रवेश नाकारणाऱ्या गावाला निधी देण्याची योजना महाराष्ट्रात २००३ पासून आहे. ज्या गावाला नकाराचा ठराव करण्याइतके शहाणे मानले, त्यालाच स्वीकाराच्या अटी ठरविण्याइतके शहाणे मानण्यास हरकत कोणती? मुदतठेवीतील रकमेचा काही भाग गावाच्या तलावावर वा गोदामावर खर्च व्हावा असे ग्रामसभेने म्हटले, तर ते अधिकाऱ्याने ठरविलेल्या हप्त्यापेक्षा अधिक न्याय्य होईल.

पक्षाच्या चंद्रपूर, गडचिरोली व गोंदिया भागातील कार्यकर्त्यांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी सत्ता लागत नाही. शरणागतांच्या व निरपराध कच्च्या कैद्यांच्या खटल्यांची एकत्र यादी करणे, वकील मिळवून देणे, तारखांना सोबत जाणे. ज्या घरातला माणूस खबऱ्या ठरवून मारला गेला त्या घरी जाऊन बसणे. शिधापत्रिका, जातीचा दाखला आणि वनहक्काचा दावा यांसाठी तहसील कार्यालयात खेपा घालणे. तेंदूपत्त्याच्या हंगामापूर्वी ग्रामसभा मजुरांची नोंद करते. परत आलेल्या एखाद्या बाईचे नाव त्या वहीत घ्यावे की नाही यावर तेथे वाद होईल, आवाज चढतील, कोणी उठून जाईल. कार्यकर्त्याने अशा वेळी बोलण्याची घाई करू नये. पण शेवटचा माणूस उठेपर्यंत त्या सभेत बसून राहावे.